सत्तेचाळिसावी साखळी

गेल्या महिन्यात एका स्मरणिकेची प्रत माझ्या हाती आली. पूर्वी बहारीनमध्ये राहून गेलेल्या मराठी माणसांच्या आठवणी तीत एकत्र केल्या आहेत. फुटबॉलविषयीच्या परिच्छेदात पुढील वाक्य छापले आहे : ‘सातार्डेकर नावाचा एक गुणी खेळाडू आपल्यात होता, परंतु कंपनीला फसवून तो पळून गेला.’ संपादकांना मी तीन पत्रे पाठवली. पहिल्याची पोच आली. दुसऱ्याला उत्तर आले की जागेअभावी दुरुस्ती छापता येणार नाही. एका माणसाला फरार ठरवायला जागा होती, ते वाक्य मागे घ्यायला नाही. तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. म्हणून हा मजकूर.

प्रथम निर्विवाद बाब. जनार्दन सातार्डेकर ज्या दिवशी दिसेनासा झाला, त्या दिवशी त्याचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता, आणि पुढे अकरा वर्षे तो माझ्याच ताब्यात होता. बहारीन हे बेट आहे. त्या काळी सौदीकडे जाणारा पूलही बांधलेला नव्हता. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या जागेतून माणूस कागदाशिवाय पळून कुठे जातो, हे संपादक मंडळाने मला समजावून सांगावे. मी ऐकायला तयार आहे.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत पर्सोनेलचे काम पाहत असे. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन मुंबईत सॉलिसिटरकडे वीस वर्षे मसुदे लिहिल्यावर मी आखातात येऊन रजेचे अर्ज तपासू लागलो, त्याची कारणे इथे अप्रस्तुत आहेत. सातार्डेकर मोजणीच्या तुकडीत होता. साखळीचे पुढचे टोक धरून चालायचे, हे त्याचे काम. वय एकवीस. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या खाडीकाठच्या गावचा. लहानपणी होडीने पलीकडे जाऊन गोव्यातल्या मुलांशी फुटबॉल खेळत असे, आणि हरल्यास होडीवाला परत आणायला नकार देई, असे तो सांगत असे. ते खरे की गंमत, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळले नाही.

प्रथम तो माझ्या खोलीत आला तेव्हा नमस्कार करण्याआधी म्हणाला, “बावीस.”

“काय बावीस?”

“पावलां. भायल्या दारापासून तुमच्या टेबलापर्यंत.”

मी शंका घेणारा माणूस आहे. तो गेल्यावर फूटपट्टी घेऊन तो व्हरांडा मी स्वतः मोजला. पंचावन्न फूट भरला. म्हणजे पाऊल बरोबर तीस इंचांचे. पुढे अनेकदा मी ते ताडून पाहिले. उन्हात, वाळूत, ताप अंगात असताना, त्या माणसाचे पाऊल तीस इंचांचेच पडे. शंभर फुटांना चाळीस पावले. तुकडीतले लोक साखळीवर संशय आला की त्याला चालायला सांगत आणि त्याच्या पावलांवर साखळी तपासत.

त्या दिवशी तो एक प्रश्न घेऊन आला होता, आणि तो कायद्याचा होता, म्हणून मला तो माणूस आवडला. करारात कलम होते की कंपनीव्यतिरिक्त अन्य नोकरी करता येणार नाही. नईम वस्तीतला एक क्लब त्याला खेळायला बोलावत होता. खेळणे म्हणजे नोकरी का? मी दोन पानी अभिप्राय लिहून दिला : वेतन नसेल तर नोकरी नाही. कागद त्याने वाचला नाही. चार घड्या केल्या आणि उजव्या बुटात, तळव्याखाली ठेवला.

“रागावू नकात, वकीलानू,” तो म्हणाला. “माजो सगळो भरवसो थंयच आसा.”

मला वकील म्हणणारा त्या बेटावर तो एकटाच होता. बाकीचे क्लार्क म्हणत.

मी खेळ पाहणारा माणूस नाही. पण आपण दिलेला अभिप्राय मैदानावर कसा पाळला जातो, हे पाहण्यासाठी एका शुक्रवारी गेलो. वाळूचे मैदान, चुन्याच्या रेषा, भिंतीवर बसलेली माणसे. सातार्डेकर फारसा धावतच नव्हता. चालत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. चेंडू पायाशी आला की तो भलत्याच रिकाम्या जागेत सरकवी, जिथे चिटपाखरू नसे. पहिल्या अर्ध्या तासात त्याच्याच गड्यांनी त्याला हैराण केले.

“किसको दिया रे? हवा को?” उजवीकडचा केरळी खेळाडू ओरडला.

“तू आनेवाला था. आया नहीं,” सातार्डेकर शांतपणे म्हणाला.

“मैं आनेवाला था, ये तेरे को किसने बोला?”

“तेरे पाँव ने.”

भिंतीवरची माणसे हसली. मध्यंतरानंतर मात्र तो केरळी त्या रिकाम्या जागेकडे धावू लागला, आणि चेंडू तिथे त्याच्या आधी क्षणभर येऊन थांबलेला असे. सामना संपल्यावर मी विचारले तेव्हा सातार्डेकरने त्याचे सगळे शास्त्र एका वाक्यात सांगितले : “जागा मापून ठेवची. माणूस मागसून येता.”

दोन मोसमांत त्याचे नाव झाले. समुद्रापलीकडच्या एका क्लबचा प्रशिक्षक येऊन दोन सामने पाहून गेला आणि त्याने पत्र पाठवले. महिन्याचे वेतन, राहण्याची सोय, आणि काम एकच : फुटबॉल. पायाला पगार देणारे ते पहिले पत्र. अट एवढीच की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हावे, अन्यथा जागा दुसऱ्याला दिली जाईल. त्यासाठी आमच्या कंपनीचे ‘हरकत नाही’ असे पत्र हवे होते. ते देणे निवासी अभियंत्याच्या हाती होते, आणि तो म्हणाला की रिफाच्या नव्या रस्त्याची मोजणी पूर्ण होऊन वहीवर सही झाल्याशिवाय तुकडीतला एकही माणूस सोडणार नाही. महिना संपायला तेव्हा तीन आठवडे होते आणि मोजणी चार दिवसांची राहिली होती. आम्ही निश्चिंत होतो.

राहिलेला भाग म्हणजे जुना रस्ता. रिफाकडे जाताना, कुंभारांचे गाव ओलांडल्यावर, पुरातन थडग्यांचे मातीचे ढिगारे लागतात. हजारो. उलट्या टोपल्या ठेवाव्यात तसे, क्षितिजापर्यंत. त्यांच्या मधून एक पट्टा जातो. पाऊण मैलाहून थोडा अधिक लांब, सुतासारखा सरळ, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर खोल आणि कठीण. त्याच्या दोन्ही टोकांना काही नाही. नवा रस्ता याच पट्ट्यावरून न्यायचा होता. निवासी अभियंता वृद्ध इंग्रज होता. त्याने नकाशावर पेन्सिलीने लिहिले : ‘रोमन रस्ता’. मी लेखी हरकत घेतली. रोमन सैन्य या बेटावर येऊन रस्ते बांधून गेल्याचा कोणताही पुरावा नसताना कंपनीच्या अधिकृत कागदावर असे विधान करणे अयोग्य आहे, सबब तो शब्द वगळावा. माझ्या पत्रावर त्याने ‘वाचले’ एवढेच लिहून ते परत पाठवले.

सातार्डेकरला मी हा अन्याय ऐकवला. तो म्हणाला, “रोमन नाय तर नाय. पण कोणी तरी केल्यानच ना, वकीलानू? आपसूक इतको सरळ कसो होतलो?”

आता मोजणीची रीत सांगणे भाग आहे. शंभर फुटी साखळी दोघे ओढतात. पुढच्या माणसाकडे दहा लोखंडी सळया असतात. साखळी ताणली की तो एक सळई जमिनीत रोवतो आणि पुढे जातो. मागचा माणूस ती उपटून हातात घेतो. दहा संपल्या की मागचा त्या दहाच्या दहा पुढच्याला परत देतो आणि वहीत एक खूण केली जाते. पुढे जाताना एकदा आणि परत येताना एकदा अशी दोनदा मोजणी होते. दोन्ही आकडे जुळले की काम संपले. चुकायला वाव कुठेही नाही, कारण सळया दहाच असतात.

मागचे टोक धरायला गोविंदा शिगवण होता, गुहागरकडचा, चाळिशीचा, भीरू म्हणता येणार नाही असा. त्यांनी दक्षिणेच्या खुंटीपासून उत्तरेच्या खुंटीपर्यंत मोजले. सेहेचाळीस साखळ्या. परत येताना सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाताना सेहेचाळीस, येताना सत्तेचाळीस. साखळी तपासली, ठीक होती. साखळी बदलली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर गोविंदाने साखळी टाकली आणि तो गाडीत येऊन बसला.

मी त्याची लेखी जबानी घेतली. ती अशी : परत येताना चौथ्यांदा सळया परत देण्याची वेळ आली तेव्हा त्याने हातातल्या सळया मोजल्या. अकरा होत्या. पुन्हा मोजल्या, अकरा. एक सळई इतरांपेक्षा आखूड होती आणि थंड होती. घाबरून त्याने ती ढिगाऱ्यांकडे भिरकावली. “साहेब, मी सळया उपटतो, रोवत नाय,” गोविंदा म्हणाला. “जनूकडं दहाच हुत्या. मंग अकरावी कोण रोवून गेला? मी तिकडं परत जायचा नाय. पायजे तर मला घरी पाठवा.”

ती सळई मी पाहिलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल साक्ष देत नाही. सातार्डेकरने ती पाहिली होती. मी विचारले, कशी होती.

“लोखंडाची नव्हती. हिरवी पडलेली,” तो म्हणाला. मग, जणू हवामानाबद्दल बोलावे तसा, “वकीलानू, आमच्या फुडसून कोण तरी मापता. जाताना तो गप ऱ्हवता. येताना आमच्याबरोबर येता.”

आमचा ड्रायव्हर सलमान त्याच कुंभारांच्या गावचा. तो गाडी दक्षिणेच्या खुंटीपाशी थांबवी, तिथून पुढे चाक नेत नसे. मी त्याला हटकले. तो म्हणाला, “साब, इधर चलो, बकरी चराओ, सब ठीक. गिनती मफी.”

“क्यों नहीं?” मी विचारले. मफी म्हणजे नाही, एवढे अरबी मला येत होते.

“मेरा बाप बोला, गिनती मफी. उसका बाप भी बोला. खलास.”

मी निवासी अभियंत्याकडे गेलो. एका साखळीसाठी एका तरुणाचे आयुष्य अडवून धरणे न्याय्य नाही, असे मी त्याला तोंडी आणि लेखी कळवले. त्या दिवशी प्रथमच तो माझ्याशी माणसासारखा बोलला. त्याच्या गावाजवळून खरा रोमन रस्ता जातो, असे त्याने सांगितले. “सरळ रस्ता आपोआप होत नाही,” तो म्हणाला. “तो कोणाच्या तरी हुकुमाने निघतो. मला वाटते, इथला हुकूम अजून कोणी रद्द केलेला नाही.” हुकूम रद्द होईपर्यंत अमलात राहतो, हे तत्त्व मला मान्यच होते. पण सही द्यायला त्याने नकार दिला. दोन आकडे जुळल्याशिवाय नाही.

त्याच सुमारास नईमच्या मैदानावर मी आणखी एक गोष्ट पाहिली. सातार्डेकर पूर्वीसारखाच रिकाम्या जागेत चेंडू सरकवत होता. पण आता तिथे कोणीच पोचत नव्हते. चेंडू थांबे, आणि सातार्डेकर त्या जागेकडे पाहून मान हलवी, जसे आपण ओळखीच्या माणसाला रस्त्यापलीकडून मान हलवून ओळख देतो. केरळी खेळाडू दमून त्याच्यापाशी गेला. “अभी किसको दिया?” त्याने विचारले. या वेळी तो हसत नव्हता. सातार्डेकर म्हणाला, “वो बराबर पहुँचता है. तुम लोग देर करते हो.”

महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा तो पुन्हा माझ्या खोलीत आला. दारापासून टेबलापर्यंत त्याने पावले मोजली नाहीत, हे माझ्या लक्षात आले.

“वकीलानू, सत्तेचाळीसच्या जागी सेहेचाळीस लिवलंय तर काय होतला?”

एका आकड्याचा प्रश्न होता. वही माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, माझी सही लागणार नव्हती, मी ऐकले नाही असे म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, “खोटी नोंद हा अपराध आहे. नव्या आयुष्याची पहिली सही खोट्या आकड्याखाली करू नकोस. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे. उत्तर येईल.”

तो म्हणाला, “बरा.” एवढेच. माझा शब्द त्याने कायद्यासारखा पाळला, आणि या घटनेत मी ज्याला दोषी धरतो तो माणूस स्मरणिकेच्या संपादक मंडळात नाही.

पुढचे कागदोपत्री आहे. तो दिसेनासा झाल्यावर पोलिसांनी दोन दिवस ढिगारे धुंडाळले. पाण्याच्या जुन्या विहिरीत माणसे उतरवली. किनाऱ्यावरच्या होड्यांची चौकशी झाली. काही मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीने नोटीस तयार केली की सदर कामगार फरार आहे, आणि ती माझ्यापुढे सहीला ठेवली. मी सही केली नाही. पासपोर्ट दाखवला, नियम दाखवला. नोटीस दुसऱ्याच्या सहीने गेली आणि माझी बदली तुबलीच्या गॅरेजमध्ये झाली, टायर आणि तेलाचे डबे मोजायला. तिथे मी ऐंशीचे दशक बहुतेक सगळे काढले आणि दर वर्षी एक याप्रमाणे ती नोटीस रद्द करण्याची मागणी करणारी पत्रे लिहिली. नव्या रस्त्याची आखणी दोनशे फूट पूर्वेला सरकवण्यात आली. कारण नोंदवलेले नाही. परत आल्यावर मी त्याच्या गावी गेलो आणि पासपोर्ट त्याच्या भावाच्या हाती दिला. भावाने पावती लिहून दिली. त्याच्या आईने मला विचारले, “तो धावत गेलो काय चलत?” मी म्हणालो, चालत. तिला ते बरे वाटले असावे.

पोलिसांना मी एक भाग सांगितला नव्हता, कारण जबानीत प्रश्न आणि उत्तर असते, आणि तो प्रश्न मला कोणी विचारला नाही. तो इथे नोंदवतो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, वरच्या कार्यालयाचे उत्तर आले. मोजणीची वाट न पाहता सातार्डेकरला ‘हरकत नाही’ पत्र द्यावे. पत्र सोबत जोडलेले होते, सहीशिक्क्यासह. पहाटेच तो एकटा जुन्या रस्त्यावर गेला होता, असे कळले. साखळी धरायला दुसरा माणूस मिळेना, म्हणून पावलांनी मोजून येतो, आकडा जुळला तर जुळला, असे सांगून. मी सलमानला उठवला आणि गाडी काढायला लावली.

आम्ही दक्षिणेच्या खुंटीपाशी पोचलो तेव्हा भर दुपार होती. ढिगाऱ्यांच्या सावल्या नव्हत्या. रस्त्यावर उन्हाची वाफ थरथरत होती आणि तिच्यातून सातार्डेकर माझ्या दिशेने परत येत होता. प्रथम गुडघ्यांपासून वरचा भाग दिसला, मग पायही. तो मोठ्याने मोजत होता. त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मी पत्र वर धरले आणि ओरडून सांगितले की आता मोजायची गरज नाही, पत्र आले आहे, सरळ निघून ये.

त्याने ऐकले. हसला. हात वर केला.

“इलंय, वकीलानू,” तो म्हणाला. “एकच साखळी ऱ्हवली. खुंटीर ऱ्हवा. मी येयसर हलू नकात.”

मोजणारा खुंटीला हात लावेपर्यंत खुंटीवरच्या माणसाने जागा सोडायची नसते. तो त्या कामाचा नियम आहे आणि तो मला ठाऊक होता. सुरू झालेली मोजणी अर्धी टाकायला मी त्याला पुन्हा सांगितले नाही. सलमान गाडीत बसून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता. सातार्डेकर माझ्यापासून शंभर फुटांवर होता. चेहऱ्यावरचा घाम दिसेल इतका जवळ. तो चालत होता, त्याचे तीस इंची पाऊल पडत होते, आणि मधूनच तो डावीकडे मान वळवून कोणाला तरी हळू आवाजात आकडा सांगत होता. मीही मनात मोजू लागलो. दहा. वीस. तीस. चाळीस झाली. एक्केचाळिसावे पाऊल पडले तेव्हाही तो शंभर फुटांवरच होता, माझ्याकडे पाहत, पाय न थांबवता. त्याला ते कळले असावे, कारण त्याचे हसू गेले आणि त्याने माझ्याकडे हात पुढे केला, जसा माणूस आधारासाठी करतो. चाळीस पावले धावलो असतो तर मी तिथे पोचलो असतो.

मी खुंटी सोडली नाही.